विडंबनपट : नावांची यादी नको, बांधणी पाहा

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

इंग्रजी विडंबनपटांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून मजकूर येतो, याचा आनंद आहे. पण त्या मजकुराचा साचा ठरून गेला आहे. या प्रसंगात अमक्या चित्रपटाची टर उडवली आहे, त्या गाण्यात तमक्या गायकाची नक्कल आहे, अशी यादी दिली जाते आणि यादी संपली की परीक्षणही संपते. वाचकाचा समज असा होतो की विडंबनपट म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलून त्यावर केलेली हलकीफुलकी मस्करी, तिला ना फार डोके लागते ना फार मेहनत. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे एका चित्रपटाच्या आधाराने सविस्तर सांगता यावे म्हणून हे लांबलेले पत्र.

चित्रपट आहे ‘टॉप सीक्रेट!’. जून १९८४मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. जिम एब्रहॅम्स आणि डेव्हिड व जेरी झकर हे बंधू अशा तिघांनी मिळून तो दिग्दर्शित केला, लेखनात त्यांच्या जोडीला मार्टिन बर्क होते. अमेरिकेतला रॉक-अँड-रोल गायक निक रिव्हर्स सांस्कृतिक महोत्सवासाठी पूर्व जर्मनीत जातो आणि तिथल्या भूमिगत चळवळीत ओढला जातो. एका शास्त्रज्ञाला कैदेत ठेवून त्याच्याकडून पाणबुड्या उडवणारे शस्त्र करून घेतले जात आहे, त्याची मुलगी त्याला शोधते आहे आणि नायक तिच्या प्रेमात पडतो. एवढीच गोष्ट. निकची भूमिका व्हॅल किल्मरची. त्याचा हा पहिलाच चित्रपट आणि तेव्हा त्याचे वय २४. २०२४च्या नोव्हेंबरात एब्रहॅम्स गेले, २०२५च्या एप्रिलमध्ये किल्मर गेला. दोघांच्या मृत्युलेखांत हा चित्रपट एकेका ओळीत उरकला गेला, हेही हे पत्र लिहिण्याचे एक कारण.

यादीवाल्या परीक्षणात या चित्रपटाबद्दल काय येते ते सांगता येईल. हेरपट आणि दुसऱ्या महायुद्धातले प्रतिकारपट एकीकडे, एल्व्हिस प्रेस्लीचे संगीतपट दुसरीकडे, आणि दोन्हींची खिचडी. हे खरेच आहे. एल्व्हिसने १९५६ ते १९६९ या काळात ३१ कथापट केले. बहुतेकांत देखणा गायक नव्या ठिकाणी जातो, संकट आले की गाणे म्हणतो आणि गाण्याने संकट टळते. स्वतः एल्व्हिस सैनिक म्हणून १९५८ ते १९६० पश्चिम जर्मनीत होता, तेव्हा गायक आणि जर्मनी ही जोडी प्रेक्षकांच्या मनात आधीच बसलेली होती. पडद्यावर पूर्व जर्मनीचे सैनिक नाझींसारखे कडक गणवेश घालून फिरतात, म्हणजे १९४३ आणि १९८३ एकाच रस्त्यावर उभे आहेत, आणि चित्रपट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पण हा सगळा झाला बाहेरचा सांगाडा. चित्रपटाचे खरे लक्ष्य हेरपट नाहीत. ते आहे पडदा बघायला सरावलेला आपला डोळा.

टेलिफोनचा प्रसंग घ्या. जर्मन सेनाधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात टेलिफोन आहे आणि तो अर्धा पडदा व्यापतो. मागे दूरवर अधिकारी आहेत. जुन्या थरारपटांत अशी मांडणी शेकड्याने सापडते. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबचा माणूस लहान, हे डोळ्याला माहीत असते, म्हणून तो मनातल्या मनात दुरुस्ती करतो आणि टेलिफोन नेहमीएवढाच धरून चालतो. फोन वाजतो, जनरल चालत पुढे येतो, हात घालतो, आणि फोन खरोखरच तेवढा प्रचंड निघतो. आपण केलेली दुरुस्ती चुकलेली असते.

हा विनोद कागदावर एका ओळीचा आहे. सेटवर तो जमवायचा तर हिशेब नेमका लागतो. पडद्यावरचा आकार वस्तूच्या मापावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगापासूनच्या अंतरावर ठरतो, आणि दोन्ही एकाच पटीत वाढवली तर पडद्यावर काही फरक पडत नाही. २० सेंटिमीटर रुंदीचा टेलिफोन भिंगापासून ३० सेंटिमीटरवर ठेवला तर जेवढा दिसेल, तेवढाच १ मीटर रुंदीचा टेलिफोन दीड मीटरवर ठेवला तर दिसतो. अभिनेत्याला फोनपाशी येऊन उभे राहायला जागा हवी, म्हणजे अंतर दीड मीटरच्या खाली आणता येत नाही, म्हणजे फोन किमान पाचपट मोठा बनवावा लागतो. ४ सेंटिमीटर जाडीची मूठ त्या मापाने २० सेंटिमीटर होते. ती हातात धरून उचलायची असल्यामुळे आतून पोकळ आणि हलकी हवी, पण उचलताना जड वाटली पाहिजे. तबकडीची भोके, आकड्यांची जाडी, कडांची गोलाई, वायरीचे वेटोळे, पृष्ठभागाची चकाकी, सगळे पाचपट. यातली एखादी गोष्ट मूळ मापात राहिली, समजा रंगाच्या ब्रशचे ओरखडे दिसले, तर डोळा पहिल्याच क्षणी ओळखतो की ही बनवलेली वस्तू आहे. मग जनरल पुढे येईपर्यंत विनोद शिल्लक राहत नाही.

त्यानंतर प्रश्न येतो फोकसचा. पुढचा फोन आणि मागचा जनरल दोघेही स्पष्ट हवेत. ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ मिलिमीटरचे भिंग एफ-८ या छिद्रावर ठेवून सुमारे ३ मीटरवर फोकस केले, तर दीड मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. पण एफ-२.८ या मोठ्या छिद्राऐवजी एफ-८ हे लहान छिद्र वापरायचे म्हणजे आठपट प्रकाश लागतो. एवढा प्रकाश ओतून खोली काळोखी, कारस्थानी दिसली पाहिजे, कारण हा हेरपट आहे. छायालेखक होते ख्रिस्टोफर चॅलिस, १९५०च्या दशकात पॉवेल आणि प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीबरोबर ब्रिटिश रंगीत चित्रपटातले नामांकित काम केलेला माणूस. चित्रीकरण इंग्लंडमध्ये झाले. अशा विनोदासाठी असा छायालेखक निवडावा लागतो, यातच मुद्दा आला.

हाच विनोद चित्रपटात दुसऱ्या रूपात पुन्हा येतो. पीटर कुशिंग पुस्तकाच्या दुकानाचा मालक आहे. डोळ्यापुढे भिंग धरून तो पाहतो आणि भिंगामागे डोळा भलामोठा दिसतो. मग तो भिंग खाली घेतो आणि डोळा तेवढाच मोठा राहतो. इथे मोठा डोळा रंगभूषेने चेहऱ्यावर चढवलेला आहे. कुशिंगने शेरलॉक होम्स पडद्यावर साकारला होता, भयपटांत डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन केला होता, म्हणून भिंग आणि तो चेहरा एकत्र आले की जाणकार हसतात. ज्याने कुशिंगचे नावही ऐकलेले नाही तोही हसतो. यादीवाल्या परीक्षणात फक्त पहिला थर येतो. चित्रपटाला ४० वर्षे झाली तरी तो उभा आहे तो दुसऱ्या थरावर.

रेल्वेचा प्रसंगही याच जातीचा. डब्याच्या खिडकीतून फलाट दिसतो, गाडी सुटल्यासारखे वाटते, फलाट मागे सरकू लागतो. मग लक्षात येते की गाडी जागची हललेली नाही, स्टेशनच निघून चालले आहे. यातले मर्म असे की स्टुडिओत रेल्वेचे प्रसंग अनेकदा असेच काढले जात. डबा जागेवर स्थिर, आणि बाहेरचे दृश्य सरकते, कधी मागच्या पडद्यावर प्रक्षेपित केलेले, कधी रंगवलेल्या पट्ट्यावरचे. म्हणजे हा विनोद थापही मारत नाही. स्टुडिओ प्रेक्षकापासून जे लपवत आला तेच तो उघड करून दाखवतो. तो करायला मात्र फलाटाचा तुकडा चाकांवर बांधावा लागतो. सरकण्याची सुरुवात धक्का न देता, खऱ्या गाडीच्या संथ वेगाने व्हावी लागते. सुरुवातीला हिसका बसला तर फलाटावरचे सामान आणि माणसे हलतात आणि गुपित वेळेआधी फुटते.

आता पुस्तकाच्या दुकानाकडे परत येऊ, कारण तिथे या चित्रपटाचे सर्वांत अवघड काम आहे आणि त्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. प्रसंग स्वीडिश पुस्तकाच्या दुकानातला. निक आणि नायिका हिलरी (ल्यूसी गटरिज) आत येतात, मालकाशी स्वीडिशमध्ये बोलतात, खाली सबटायटल्स येतात. काही तरी खटकत राहते, पण काय ते सापडत नाही. मग निक पुस्तके वर भिरकावतो आणि ती उंच फळीवर बिनचूक जाऊन बसतात. पुढे माणसे खांबावरून घसरत वर जातात. तोवर उलगडा झालेला असतो. प्रसंग उलटा चित्रित केला आहे. अभिनेत्यांनी सगळे शेवटाकडून सुरुवातीकडे, मागे मागे चालत केले आणि फिल्म उलटी चालवली. ‘स्वीडिश’ म्हणजे त्यांच्याच बोलण्याचा उलटा वाजवलेला आवाज.

उलटे चित्रीकरण आज कोणालाही संगणकावर एक कळ दाबून करता येते, म्हणून ते सोपे वाटते. प्रयत्न केला की अडचण कळते. पुस्तके त्यात सोपी आहेत. १.८ मीटर उंचीवरून पडलेले पुस्तक साधारण ०.६ सेकंदात हातात येते आणि हाताशी त्याचा वेग सेकंदाला ६ मीटरच्या आसपास असतो. हे उलटे केले की पुस्तक हातातून त्याच वेगाने निघते, वर जाताना मंदावते आणि फळीवर पोहोचताना वेग बरोबर शून्य होतो. मुक्त पतनाचे गणित दोन्ही दिशांना सारखेच चालते. त्यामुळे दृश्य चुकीचे वाटत नाही, अशक्य कौशल्याचे वाटते. हसू येते ते त्या बिनचूकपणाचे.

बिघडते ते जिथे घर्षण आणि हवा मधे येते तिथे. सिगारेटचा धूर खाली उतरून तोंडात शिरतो. उडालेली धूळ आपणहून गोळा होऊन पुस्तकावर बसते. स्कर्टचा घेर पायाच्या मागे न राहता पुढे जातो. मोकळे केस चालण्याच्या आधी हलतात. म्हणून अशा प्रसंगात कपडे अंगाबरोबरचे, केस बांधलेले किंवा आखूड ठेवावेत, पेला किंवा चहाची किटली चुकूनही ठेवू नये. मात्र ज्या वस्तूने गुपित फोडायचे ती एकच वस्तू मुद्दाम ठेवावी आणि ती शेवटाकडे यावी. या प्रसंगात ती जागा पुस्तकांची आहे.

चालणे आपण समजतो तितके अवघड नाही. मागे चालताना माणूस आधी चवडा टेकतो आणि मग टाच, आणि पाऊल उचलताना टाच शेवटी सुटते. उलटे केले की टाच आधी टेकते आणि चवडा शेवटी सुटतो, म्हणजे नेहमीच्या चालीसारखेच. चूक होते ती मानेत. मागे चालणारा माणूस आपटायच्या भीतीने नकळत वळून पाहतो, खांदे आखडतो, ढांग लहान टाकतो. त्यावर उपाय एकच, जमिनीवर खुणा करून वाट पाठ होईपर्यंत तालीम. आणि चेहरा. प्रश्न ऐकल्यावर भुवया वर जातात आणि मग उत्तर येते, हा क्रम उलटा करून साकारायचा म्हणजे आधी उत्तर द्यायचे, मग भुवया वर न्यायच्या, मग त्या सावकाश खाली आणून प्रश्न ऐकायला सुरुवात करायची. तीन माणसांनी हे एकमेकांशी ताळ राखून करायचे. प्रसंगाचा मोठा भाग सलग घेतलेला आहे, म्हणजे एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा शेवटापासून. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या कुशिंगने ते ज्या शांतपणे केले आहे, त्याला अभिनय म्हणून दाद द्यायला हवी.

आवाजाची एक खाच सांगायची राहिली. कोणताही ठोका आधी जोरात येतो आणि मग विरतो. उलटा केला की तो फुगत येऊन एकदम तुटतो. बोलण्यात हे चालते, कारण त्यातूनच परकी भाषा ऐकल्याचा भास होतो. पण पावलांचे, दाराचे, वस्तू ठेवल्याचे आवाज उलटे ठेवले तर प्रेक्षकाला युक्ती पहिल्या दहा सेकंदांत कळते. म्हणून कोणी हा प्रयोग करून पाहणार असेल तर बोलणे उलटे ठेवावे आणि बाकीचे आवाज सुलट्या चित्राबरहुकूम नव्याने भरावेत.

पाण्याखालच्या मारामारीचाही उल्लेख हवा. काउबॉयपटातल्या सलूनमध्ये होते तशी हाणामारी, बारसकट, नदीच्या तळाशी. नायक आणि खलनायक दोघे पाण्याखाली ठोसे मारतात. पाण्यात लाकडी टेबल तरंगते, टोपी वर जाते, बाटली डोलते, म्हणून प्रत्येक वस्तूला वजन बांधावे लागते आणि ते वजन दिसता कामा नये. हाताला पाण्याचा विरोध होतो, ठोसा संथ पडतो आणि नाकातोंडातून बुडबुडे सुटतात. सपाट काचेमागून पाण्यातल्या गोष्टी सुमारे एकतृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणजे कॅमेऱ्याची जागाही जमिनीवरच्या अंदाजाने ठरवता येत नाही. अभिनेत्याचा दम असेल तेवढाच शॉट, आणि चौकटीच्या बाहेर हवा घेऊन थांबलेले पाणबुडे. इतका खटाटोप कशासाठी? कारण प्रसंगाची मांडणी काउबॉयपटाच्या नियमाने तंतोतंत चालली तरच पाणी विनोदी ठरते. पाण्यात दोघे नुसतेच झटापट करताना दिसले असते तर तो एक साधा साहसप्रसंग झाला असता.

यातून या मंडळींचा मुख्य नियम कळतो. ज्या एका ठिकाणी विनोद आहे ते सोडून बाकी प्रत्येक गोष्ट पूर्ण गांभीर्याने करायची. ज्याला मूळ कवितेचे वृत्त पक्के येते त्यालाच तिचे विडंबन जमते, मात्रा चुकली की उरते ती फक्त टवाळी. चित्रपटातही तसेच आहे. डेव्हिड झकर यांनी पुढे आपले नियम जाहीरपणे मांडले. त्यातला एक म्हणजे विनोदावर विनोद चढवायचा नाही. मागे काही हास्यास्पद घडत असेल तर पुढच्या माणसाने तिकडे बघायचे नाही, तोंड वाकडे करायचे नाही, गंमतीदार वाक्य बोलायचे नाही. दोन्ही एकदम केले की प्रेक्षकाचे लक्ष विभागते आणि दोन्ही वाया जातात. दुसरा नियम त्याहून उपयोगी आहे. विनोद झाल्यावर त्याचे अवशेष पुढच्या प्रसंगात नेता येतील का, हे आधी विचारायचे. नायकाच्या डोक्यावर काही विचित्र बसवले तर तो पुढे प्रेमाचे बोलणार कसा? नेता येत नसेल तर त्याच शॉटच्या शेवटी ते चौकटीबाहेर गेले पाहिजे. नवशिके विडंबनकार सर्वांत जास्त इथेच अडखळतात. पहिल्या पाच मिनिटांत नायकाला इतका येडबंबू करून ठेवतात की सहाव्या मिनिटाला त्याचे काय होईल याची कोणालाच फिकीर उरत नाही.

ही शिस्त त्यांना रंगमंचावर लागली. तिघांनी १९७१मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला छोटे नाट्यगृह चालवून सुरुवात केली होती, रोज रात्री समोरचा प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे गप्प बसतो हे दिसत होते.

नटांची निवड याच नियमातून येते. कुशिंग, ओमर शरीफ, मायकेल गॉफ, जेरेमी केम्प हे कोणी विनोदी नट नव्हेत. शरीफचा गुप्तहेर मोटारीसकट यंत्रात दाबला जातो आणि पत्र्याच्या ठोकळ्यातून हातपाय काढून फिरतो, तरी चेहऱ्यावर भाव तोच, कामगिरीवर निघालेल्या हेराचा. संगीत मोरीस जार यांचे. ज्या दोन भव्य चित्रपटांनी शरीफ जगाला माहीत झाला त्यांचे संगीत याच जार यांचे होते आणि दोन्हींसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. तिसरे ऑस्कर मिळवून देणारे कामही १९८४चेच. असा संगीतकार पत्र्याच्या ठोकळ्यातल्या हेरासाठी तेवढ्याच मन लावून पार्श्वसंगीत लिहितो. ते कुठेही डोळा मारत नाही. विनोदाच्या क्षणी सनईसारखा पिपाणीचा सूर किंवा ढोलावर टिपरी वाजवायची सवय दूरचित्रवाणीने लावली आहे. ती टिपरी म्हणजे प्रेक्षकाला ‘हस आता’ असा हुकूम, आणि हुकमाने हसू येत नाही.

संगीतपटाच्या बाजूबद्दल थोडे. सुरुवातीलाच येणारे गाणे समुद्रलाटांवर फळीने स्वार होणे आणि बंदुकीने मातीच्या तबकड्या उडवणे हे दोन खेळ एकत्र करते. चाल १९६०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या सागरगीतांची, आवाजांचे थर त्याच पद्धतीचे. चालीत एकही खोट नाही. विडंबनगीताचा हा पहिला कस, की शब्द काढून नुसती चाल ऐकली तर ती त्या काळची, रेडिओवर लागलेली वाटली पाहिजे. चाल बेसूर ठेवून किंवा गायकाला मुद्दाम किंचाळायला लावून हसवण्याचा प्रयत्न फसतो, कारण मग चेष्टा गाण्याची न होता गाणाऱ्याची होते. किल्मर न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलासंस्थेत नाट्यशिक्षण घेतलेला नट होता आणि या चित्रपटातली गाणी त्याने स्वतः म्हटली. तो गिटारही शिकून आला होता, पण दिग्दर्शकांना खोटी वाजवलेली गिटार जास्त विनोदी वाटली. हा निर्णय बरोबर होता. एल्व्हिसच्या चित्रपटांत गिटार पुष्कळदा हातातली शोभेची वस्तूच असते, तारेला बोट लागो न लागो, मागे अख्खा वाद्यवृंद वाजतो.

चित्रपटात दोष आहेत आणि त्यांची कारणेही बांधणीतच आहेत. याच तिघांचा १९८०चा ‘एअरप्लेन!’ हा विमानावरचा चित्रपट सुमारे ३५ लाख डॉलरमध्ये झाला आणि अमेरिकेत ८ कोटींच्या वर गेला. ‘टॉप सीक्रेट!’ची मजल तिथे २ कोटींच्या आसपास थांबली. फरक असा की आधीच्या चित्रपटाला १९५७च्या एका गंभीर विमानपटाचा सांगाडा होता. त्याचे हक्कच त्यांनी विकत घेतले होते. विमान खाली उतरणार की नाही, हा प्रश्न दीड तास प्रेक्षकाला धरून ठेवतो आणि विनोद त्या प्रश्नावर टांगलेले राहतात. इथे दोन प्रकार एकत्र आल्यामुळे दोन वेगळ्या गती आहेत. हेरपटाला पुढे पळायचे असते आणि संगीतपटाला गाण्यासाठी थांबायचे असते. प्रत्येक गाण्याला धोका विसरला जातो आणि प्रत्येक पाठलागाला प्रेम. मधल्या भागात नायिकेच्या बेटावरच्या आठवणीकडे गोष्ट वळते तेव्हा शास्त्रज्ञ कैदेत आहे हे प्रेक्षकाला आठवतही नाही. कथानक आणि पात्रे कमकुवत राहिली हे दिग्दर्शकांनीही नंतर मोकळेपणाने मान्य केले आहे. एकेका प्रसंगाची कारागिरी आमच्या मते त्यांच्या इतर कोणत्याही चित्रपटापेक्षा वरची आहे, आणि संपूर्ण चित्रपट म्हणून तो त्यांच्या उत्तम कामाच्या खाली राहतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि परीक्षणात दोन्ही यायला हवीत.

काळाने शिळे होणारे विनोदही त्यात आहेत. लष्करी गाडी घसरत येते, थांबता थांबता समोरच्या फोर्ड पिंटोला जेमतेम टेकते, आणि पिंटोचा स्फोट होतो. मागच्या आसाच्या पलीकडे इंधनाची टाकी असलेली ही गाडी मागून धडक बसल्यास पेट घेते म्हणून बदनाम झाली होती आणि १९७८मध्ये फोर्डने सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. १९८४च्या अमेरिकन प्रेक्षकाला हे पाठ होते. आजच्या प्रेक्षकाला नाही. तरी तो हसतो, कारण एवढासा स्पर्श आणि एवढा भडका ही विसंगती गाडीचे नाव माहीत नसतानाही पोहोचते. संदर्भ हा विनोदाचा आधार असावा की वरची फोडणी, याचे हे चांगले उदाहरण. ज्या विडंबनपटांत फक्त गाजलेल्या प्रसंगाची नक्कल पुन्हा उभी करून ‘ओळखलेत ना?’ असे विचारले जाते, ते पाच वर्षांत मरतात.

शेवटी एक व्यावहारिक विनंती, परीक्षकांना आणि चित्रपट मंडळांनाही. हा चित्रपट १.८५ : १ (रुंदी : उंची) या रुंद चौकटीसाठी रचलेला आहे. जुन्या दूरचित्रवाणीच्या मापात कापलेली प्रत दाखवली तर कडेचे विनोद चौकटीबाहेर जातात आणि पार्श्वभूमीत काय चालले आहे ते कळत नाही. प्रत घेताना पडद्याचे माप तपासावे. भाषांतरित आवाजाची प्रत टाळावी, कारण पुस्तकाच्या दुकानातला उलटा आवाज नव्याने भरला की प्रसंगाचा अर्थच संपतो. मराठी सबटायटल्स द्यायची असतील तर त्या प्रसंगात मूळ इंग्रजी ओळी चित्रातच असतात, तेव्हा मराठी ओळ त्यांच्या वर, एकाच ओळीत, आणि मूळ ओळ पडद्यावर येते त्याच क्षणी यावी. अर्धा सेकंद आधी आली तरी सभागृह पात्राच्या आधी हसते आणि पुढचे वाक्य त्या हशात बुडते. चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, तेव्हा मध्यंतर घेऊ नये. आणि घ्यावेच लागले, तर गाण्यानंतर घ्यावे, पाठलागाच्या मध्ये नव्हे.

आपले,
छायालेखन व संकलन शिकवणारे दोन वाचक